खांबाच्या पायथ्याशी पाणी कसं फिरतं: लेसर पीआयव्ही प्रकल्पाच्या नोंदी

8 जानेवारी

आज विषय पक्का झाला. पुलाच्या खांबासमोर, नदीच्या तळालगत पाणी नेमकं कसं फिरतं ते फ्ल्यूममध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या लांब नाल्यात, पल्स लेसरनं मोजायचं. पद्धत पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री, म्हणजे आम्ही सगळे ज्याला पीआयव्ही म्हणतो ती. पाण्यात बारीक कण सोडायचे, लेसरच्या पातळ पडद्यानं एक काप उजळायचा, अगदी थोड्या वेळाच्या अंतरानं दोन फोटो घ्यायचे आणि कण किती सरकले त्यावरून वेग काढायचा.

हाच विषय का, हे सरांनी विचारलं. मी कोकणातली आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या आणि त्यातली माणसं पाण्यात गेली. त्या पुलावरून मी लहानपणापासून ये-जा केली होती. तेव्हापासून पुलाखालून जाणारं पाणी मला नुसतं पाणी वाटत नाही. त्या पुलाच्या चौकशीत मला शिरायचं नाही. पण पुराचं पाणी खांबाच्या पायथ्याची रेती खणून काढतं, ज्याला आम्ही स्कावर म्हणतो, त्यानं जगभर पूल पडले आहेत. न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीकवरचा महामार्गाचा पूल 5 एप्रिल 1987 ला असाच पडला. खांबाखालचा तळ खणला गेला होता. 10 माणसं गेली.

आपल्याकडे पुलाच्या पायाची खोली ठरवताना लेसीचं सूत्र वापरतात: एक मीटर रुंदीतून जाणाऱ्या विसर्गाचा वर्ग, भागिले रेतीचा सिल्ट फॅक्टर (कणांच्या जाडीवरून ठरणारा आकडा), त्याचं घनमूळ, गुणिले 1.34. खांबापाशी त्याची दुप्पट धरायची. लेसीनं हे 1930 च्या सुमारास कालव्यांच्या मोजमापांवरून बसवलं, आणि गाळाच्या नदीत त्यानं आजवर खूप काम दिलं आहे. पण या सूत्रात खांबाची जाडी येतच नाही. खांबासमोर जो भोवरा तयार होतो तो त्याला दिसत नाही. तो बघायचा आहे.

15 जानेवारी

लेसर आला आणि टेबलावर बसला. एनडी-याग नावाच्या स्फटिकाचा, दोन कॅव्हिटीचा, म्हणजे एकात दोन लेसर. मूळ प्रकाश 1064 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. पुढे दुसऱ्या एका स्फटिकातून जाताना तो 532 नॅनोमीटरचा हिरवा होतो. एका पल्सची ऊर्जा 120 मिलीज्यूल, लांबी 8 नॅनोसेकंद.

सुरक्षेवर सगळा दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता. हा चौथ्या वर्गाचा लेसर आहे. थेट किरण तर सोडाच, चकचकीत वस्तूवरून परतलेला किरणही डोळ्याचा पडदा जाळू शकतो. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो आणि पल्स 8 नॅनोसेकंदात होऊन गेलेली असते, त्यामुळे डोळा मिटून बचाव ही गोष्टच नाही. गॉगल 532 आणि 1064 दोन्हीसाठीचे घेतले, कारण हिरव्याबरोबर थोडा अदृश्य प्रकाशही बाहेर पडत असतो. दाराला इंटरलॉक लावला, दार उघडलं की शटर बंद. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवायच्या, मंगळसूत्र ओढणीच्या आत. स्क्रू ड्रायव्हर किरणाच्या उंचीवर न्यायचा नाही.

आमचा प्रकाश खालून वर जाणार आहे. फ्ल्यूमचा तळ मोजमापाच्या भागात काचेचा आहे, त्याखाली 45 अंशांवर आरसा. म्हणजे पाण्यातून पार झालेला किरण सरळ छताकडे जातो. तिथे काळी, खरबरीत ॲल्युमिनियमची पत्र्याची पेटी टांगली. लॅबमधले मामा शिडीवर चढून ती बांधत होते तेव्हा लेसरची किल्ली माझ्या खिशात होती. हा नियम इथून पुढे कायमचा: शिडीवर कुणी असेल तर किल्ली खिशात.

19 जानेवारी

धाकट्या बॅचच्या मुलांनी विचारलं, एवढा महाग पल्स लेसर कशाला, बाजारात 1 वॉटचा सतत चालणारा हिरवा लेसर मिळतो की. चांगला प्रश्न. कागदावर हिशेब मांडून दाखवला, तो इथे उतरवून ठेवते.

पाण्याचा वेग 25 सेंटिमीटर प्रति सेकंद. सतत लेसर लावला तर कॅमेऱ्याचं शटर काही काळ उघडं ठेवावं लागेल. 200 मायक्रोसेकंद धरा. तेवढ्यात कण 0.05 मिलिमीटर सरकतो, आमच्या चित्रात ते अडीच पिक्सेल होतात. कण ठिपका न राहता रेघ होतो. शिवाय त्या 200 मायक्रोसेकंदात 1 वॉटचा लेसर देतो फक्त 0.2 मिलीज्यूल. आमची एक पल्स 120 मिलीज्यूल देते, म्हणजे 600 पट, आणि तेही 8 नॅनोसेकंदात. त्या 8 नॅनोसेकंदांत पाणी सरकतं 2 नॅनोमीटर. कॅमेऱ्याच्या दृष्टीनं नदी थांबलेली असते.

क्षणापुरती ताकद काढली तर 1.5 कोटी वॉट होते. पण सेकंदाला 15 पल्स धरून सरासरी काढा, 2 वॉटसुद्धा भरत नाही. सगळी करामत ऊर्जा साठवून एकदम सोडण्यात आहे. फ्लॅशलॅम्प आधी पेटतो, स्फटिकात ऊर्जा भरत जाते, आणि 150 ते 200 मायक्रोसेकंदांनी क्यू-स्विच (तोवर प्रकाश अडवून धरणारी झडप) उघडलं की ती सगळी एका झटक्यात बाहेर पडते. हाच उशीर कमी-जास्त करून पल्सची ऊर्जाही कमी-जास्त करता येते. किरण नेमक्या वाटेवर बसवताना आम्ही तेच करतो.

दोन कॅव्हिटी का? कारण एकच लेसर अर्ध्या मिलिसेकंदात दुसऱ्यांदा भरत नाही. दोन वेगळे लेसर एकाच वाटेवर आणायचे आणि हवं त्या अंतरानं उडवायचे. दोन पल्समधलं अंतर ही मग पूर्णपणे आपल्या हातातली गोष्ट होते.

27 जानेवारी

सीडिंगचा, म्हणजे पाण्यात कण सोडायचा दिवस. पोकळ काचेचे गोल कण, व्यास 10 मायक्रॉन, घनता पाण्याच्या 1.1 पट. पहिला प्रश्न असा की कण पाण्याबरोबर जातो की मागे रेंगाळतो? त्याचा प्रतिसादकाळ, म्हणजे पाण्याचा वेग बदलला की तो पकडायला कणाला लागणारा वेळ, येतो सुमारे 6 मायक्रोसेकंद. आमच्या भोवऱ्यातले सगळ्यांत जलद बदलही मिलिसेकंदांत होतात. आणि स्थिर पाण्यात तो खाली बसतो सेकंदाला 5 मायक्रॉन या गतीनं. म्हणजे कण जिथे, पाणी तिथे, असं निर्धास्त म्हणता येतं.

दुसरा प्रश्न, किती टाकायचे? आमचं चित्र 4 सेंटिमीटरचं, 2048 पिक्सेलचं. वेग काढायला चित्राचे छोटे चौकोन पाडतात, त्यांना विंडो म्हणतात; 32 पिक्सेलची विंडो म्हणजे 0.62 मिलिमीटर. प्रकाशाचा पडदा 1 मिलिमीटर जाडीचा. एका विंडोत 10 कण हवेत असं धरलं तर घनमीटरला साधारण 15 ग्रॅम येतात. टाकी, पाइप, फ्ल्यूम मिळून 3 घनमीटर पाणी, म्हणजे 45 ग्रॅमच्या आत. पण तेवढे घातले की पाणी दुधाळ दिसू लागतं, आणि कॅमेऱ्याला काचेपासून मधल्या पडद्यापर्यंत 20 सेंटिमीटर दुधाळ पाण्यातूनच बघायचं आहे. कण जास्त तर विंडो भरलेली पण धूसर, कण कमी तर चित्र स्वच्छ पण विंडो रिकाम्या. विंडोमागे 7 कणांवर तडजोड केली. तराजूवर 31 ग्रॅम मोजले, बादलीत थोड्या पाण्यात कालवले, मग टाकीत. सुके टाकले तर वर तरंगतात आणि गुठळ्या धरतात.

पाण्यात काहीतरी टाकून प्रवाह बघायची कल्पना जुनीच. लुडविग प्रान्टल 1904 च्या सुमारास हातानं फिरवायच्या पाण्याच्या नाल्यात पृष्ठभागावर अभ्रकाचे कण टाकून भोवरे बघत असत. त्यांना दिसत होतं ते सगळं खरं होतं, फक्त मोजता येत नव्हतं. पल्स लेसर आल्यावर मोजणं जमलं. पीआयव्ही हे नाव 1984 मध्ये रूढ होऊ लागलं, आणि 1991 मध्ये विलर्ट आणि घारिब यांनी फिल्म बाजूला ठेवून सगळं डिजिटल करून दाखवलं.

3 फेब्रुवारी

टायमिंग. फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोप लावून दोन पल्समधलं अंतर स्वतः मोजलं. लेसर आणि कॅमेऱ्याची वेळ जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरच्या पडद्यावर 500 मायक्रोसेकंद लिहिलेलं असणं आणि प्रकाश 500 मायक्रोसेकंदांनी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगाच्या सूत्रात छेदात हाच आकडा बसणार, म्हणून तो डोळ्यांनी बघितला. बरोबर आहे.

कॅमेऱ्याचं वागणं समजून घ्यायला हवं. पहिली पल्स पहिल्या फ्रेमच्या अगदी शेवटी पडते, दुसरी पल्स दुसऱ्या फ्रेमच्या सुरुवातीला. दोन फ्रेममधला खंड मायक्रोसेकंदांत. पण पहिलं चित्र चिपवरून उतरवून घेईपर्यंत दुसरी फ्रेम उघडीच राहते, सुमारे 66 मिलिसेकंद. त्यामुळे खोलीत जरासा जरी उजेड असला तरी तो सगळा दुसऱ्या चित्रात भरतो. दुपारी खिडकीच्या फटीतून ऊन आलं की दुसरं चित्र राखाडी होतं. काळे पडदे दुहेरी केले, लेन्सवर 532 चा फिल्टर चढवला, कॉम्प्युटरचे पडदे उलटीकडे वळवले.

9 फेब्रुवारी

खांब न लावता पहिल्या जोड्या घेतल्या. सदिशांचा, म्हणजे वेग दाखवणाऱ्या बाणांचा, गोंधळ होता, पाचातला एक भलतीकडे तोंड करून. कण भरपूर, फोकस चांगला, वेळ बरोबर. मग काय?

यासाठी एक फार सुंदर तपासणी आहे. दोन पल्समधलं अंतर 10 मायक्रोसेकंद करायचं. तेवढ्यात पाणी सरकणार पिक्सेलच्या आठव्या हिश्श्याएवढं, म्हणजे दोन्ही चित्रं जवळजवळ सारखीच यायला हवीत. आमची आली नाहीत. काही कण पहिल्यात होते, दुसऱ्यात नव्हते, आणि उलटही. याचा अर्थ एकच: दोन लेसरचे पडदे एकाच जागी पडत नाहीत. दोघे पाण्याचे वेगवेगळे काप उजळत होते.

किरण पडला की जळून खूण उमटणारा कागद लावून दोन्हींच्या खुणा घेतल्या. दुसऱ्याची खूण पहिल्यापेक्षा अर्धा मिलिमीटर कॅमेऱ्याच्या बाजूला. 1 मिलिमीटरच्या पडद्यात अर्धा मिलिमीटर म्हणजे निम्मे कण गमावले. दुसऱ्या कॅव्हिटीचा आरसा अगदी हलक्या हातानं फिरवत खुणा एकावर एक आणल्या. जवळ आणि लांब दोन ठिकाणी बघितलं, कारण एका ठिकाणी जुळलेले किरण पुढे जाऊन फाकू शकतात. पुन्हा 10 मायक्रोसेकंदांची जोडी घेतली. आता दोन चित्रं आलटून पालटून दाखवली तरी कण जागचा हलत नाही. 500 वर नेलं की सगळं आकाश एकदम उजवीकडे सरकतं. हे बघायला मिळालं त्याचा आज फार आनंद आहे.

14 फेब्रुवारी

काम नाही. टाकी नव्यानं भरली आणि नळाच्या ताज्या पाण्यात बुडबुडे फार. प्रत्येक बुडबुडा चित्रात कणाच्या शंभरपट चमकतो आणि वरही चढत जातो. पाणी रात्रभर निवू द्यायचं.

20 फेब्रुवारी

कॅलिब्रेशन. ठिपक्यांची पट्टी पडद्याच्या जागी, भरलेल्या पाण्यात उभी केली. पाण्याशिवाय केलेलं कॅलिब्रेशन इथे चालत नाही, काच आणि पाणी मिळून वस्तू जवळ आणतात. मिलिमीटरला 51 पिक्सेल आले.

लेन्सचं छिद्र किती ठेवायचं याला आज बराच वेळ दिला, आणि द्यावा असा तो मुद्दा आहे. 10 मायक्रॉनचा कण आमच्या भिंगातून चिपवर 4 मायक्रॉनचा दिसायला हवा, म्हणजे अर्धा पिक्सेल. तसं झालं तर तो पिक्सेलच्या आत कुठे आहे हे कळणार नाही, आणि वेग पूर्ण पिक्सेलांच्या पायऱ्यांवर अडकतील. हिस्टोग्राममध्ये 3, 4, 5 पिक्सेलवर उंचवटे दिसतात आणि मध्ये दऱ्या. याला पीक लॉकिंग म्हणतात. इथे प्रकाशाचं विवर्तन मदतीला येतं. छिद्र लहान केलं की ठिपका पसरतो. लेन्सच्या एफ-आकड्याच्या 5.6 वर (आकडा मोठा तर छिद्र लहान) ठिपका सव्वा पिक्सेलच्या आसपास, 8 वर दोन पिक्सेल. 8 वर प्रकाश निम्मा होतो, पण लेसरकडे तो आहे. दोन पिक्सेलचा ठिपका असला की गॉसियन (घंटेच्या आकाराची वक्ररेषा) बसवून कणाची जागा पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत काढता येते. फोकसची खोलीही 8 वर 2 मिलिमीटरच्या वर जाते, पडद्याहून जास्त.

500 मायक्रोसेकंदांत मुख्य प्रवाह 6.4 पिक्सेल सरकतो. 32 च्या विंडोत पाव भाग म्हणजे 8 ची मर्यादा, तिच्या आत आहोत.

1 मार्च

खांबाशिवायचा प्रवाह ॲकूस्टिक डॉपलर प्रोबशी (आवाजाच्या लहरींनी वेग मोजणारं साधन) ताडून बघितला. खोली 12 सेंटिमीटर, फ्ल्यूम 40 सेंटिमीटर रुंद, विसर्ग सेकंदाला 12 लिटर. वरच्या भागात दोन्ही छान जुळतात. तळाशी प्रोब हात टेकतो, कारण तळावरून परतणारा आवाज त्याच्या मोजणीत मिसळतो. शिवाय प्रोब पाण्यात बुडवावा लागतो. खांबासमोर तो धरला तर तिथे दोन अडथळे झाले, भोवरा कुणाचा ते सांगणार कोण? लेसर पाण्यात काहीच ठेवत नाही.

12 मार्च

खांब बसवला. ॲक्रिलिकची नळी, व्यास 4 सेंटिमीटर, आत पाणी भरलेलं म्हणजे कमी चमकते. पाणी 26 अंशांवर, रेनॉल्ड्स आकडा (प्रवाहाचा जोर पाण्याच्या चिकटपणाच्या किती पट ते सांगणारा) सुमारे 11,000.

पहिलीच जोडी उघडली आणि भोवरा समोर होता.

प्रवाह डावीकडून येतो, खांब उजवीकडे. खांबाच्या पुढच्या अंगावर आपटलेलं पाणी खाली उतरतं. तळाला पोचलं की त्याला पुढे जायला वाट नसते, ते मागे वळतं, तळालगत प्रवाहाच्या उलट धावतं, आणि समोरून येणाऱ्या संथ थराला भिडून गुंडाळी घेतं. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. मध्यभाग खांबाच्या तोंडापासून सेंटिमीटरभर अलीकडे आणि तळापासून अवघा अडीच मिलिमीटर वर. एवढासा. 12 सेंटिमीटर खोल पाण्यात अडीच मिलिमीटरवर बसलेला. वरून फ्ल्यूममध्ये डोकावलं तर काहीसुद्धा दिसत नाही, पृष्ठभाग शांत. पुढे याच गुंडाळीच्या दोन शेपट्या खांबाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातात, म्हणून त्याला घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा म्हणतात.

कच्चं चित्र मोठं करून खूप वेळ बघत बसले. काळ्या जागेत हिरवे नाहीत, नुसते पांढरे ठिपके, आणि पहिलं-दुसरं चित्र आलटून पालटून दाखवलं की मधले ठिपके एका बिंदूभोवती वळतात. खांबाच्या कडेला एक पांढरी उभी रेघ, तळाला एक आडवी रेघ: काचेवरची चमक. प्रत्येक पिक्सेलचा संपूर्ण संचातला किमान उजेड काढून तो वजा केला, पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेमचा वेगवेगळा, कारण दोन लेसर तंतोतंत सारखे उजळत नाहीत. रेघा बऱ्याच पुसल्या गेल्या. काचेवर एक चरा आहे तो काही जात नाही, तिथले सदिश गाळले.

15 मार्च

2000 जोड्या घेतल्या. सेकंदाला साडेसात जोड्या, म्हणजे साडेचार मिनिटांचं पाणी, आणि डिस्कवर 33 जीबी. चुकीचे सदिश शेजाऱ्यांच्या मध्यकाशी ताडून काढले (वेस्टरवील आणि स्कारानो यांची 2005 ची कसोटी, मर्यादा 2). मग सरासरी.

सरासरीचं चित्र गुळगुळीत आलं. लांबट, शांत भोवरा, तळालगत उलटा वेग सेकंदाला 6-7 सेंटिमीटर. सरांना पाठवलं. पण मला त्यात काहीतरी खटकत होतं, कारण सुट्या चित्रांत मी हा भोवरा एकदाही बघितला नव्हता. सुट्या चित्रांत तो एकतर खांबापासून लांब पसरलेला असे, तळालगतचं उलटं पाणी जोरात दूरवर धावत असे, नाहीतर खांबाजवळ आखडलेला, आणि उलटं पाणी थोडं धावून तळ सोडून वर उसळलेलं.

तळापासून 1 मिलिमीटरवरच्या एका बिंदूचे 2000 वेग घेऊन हिस्टोग्राम काढला. दोन उंचवटे. एक शून्याजवळ, दुसरा उलट्या दिशेला 12 सेंटिमीटरच्या आसपास. आणि सरासरीचा आकडा दोघांच्या मधल्या दरीत, जिथे पाणी क्वचितच असतं.

हे माहीत असलेलं आहे. डेव्हनपोर्ट आणि सिम्पसन यांनी 1990 मध्ये पंख आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात लेसर डॉपलरनं एकेका बिंदूवर मोजून नेमके असे दोन उंचवटे दाखवले होते. एक उलटप्रवाहाची अवस्था, दुसरी शून्यप्रवाहाची. पण एका बिंदूवरून दोन अवस्था आहेत एवढंच कळतं, त्या वेळी बाकीचं पाणी काय करत होतं ते त्या आकड्यांत नसतं. पल्स लेसरनं तो अख्खा क्षण हातात येतो. माझ्या मते या पद्धतीची खरी किंमत इथे आहे. वेग मोजायला इतर साधनं आहेत. एका क्षणाचं सगळं पाणी एकत्र बघायला फार थोडी आहेत.

रेतीच्या दृष्टीनं विचार केला तर हे फारच महत्त्वाचं आहे. रेतीचा कण सरासरीनं उचलला जात नाही. त्याला जो झटका बसतो त्यानं उचलला जातो, आणि एकदा निघून गेला की नंतर पाणी शांत झालं म्हणून परत येत नाही.

28 मार्च

तळाच्या अगदी जवळ जायचं आहे, कारण रेतीवर पडणारा ओढीचा ताण तिथे ठरतो. अडचण अशी की तळाला चिकटलेला संथ थर 0.4 मिलिमीटरच्या आसपास जाड, आणि आमची विंडो 0.62 मिलिमीटर उंच. थरापेक्षा विंडो मोठी. त्यात वेगाचा चढ भरडला जातो.

तळालगतचा प्रवाह जवळपास आडवाच असतो, म्हणून विंडो आडवी लांब केली, 64 बाय 8 पिक्सेल. उंची 0.16 मिलिमीटर झाली. पण तिचं क्षेत्रफळ निम्मं, कण तीन-चारच उरले, कोरिलेशनचा (दोन चित्रं किती सरकवल्यावर जुळतात त्या हिशेबाचा) शिखरबिंदू गोंगाटात हरवतो. यावर नेहमीचा उपाय म्हणजे सगळ्या जोड्यांची कोरिलेशनं आधी बेरजेत घालायची आणि मग शिखर शोधायचं. पण तो उपाय केला की हाती पुन्हा सरासरीच येते, आणि सरासरी इथे फसवते हे पंधरवड्यापूर्वीच दिसलं.

सरांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांनी फळ्यावर दोन उंचवटे काढले आणि म्हणाले, "अगं, पाणी दोन प्रकारचं आहे ना? मग बेरीजही दोन वेगवेगळ्या कर." अगदी बरोबर. मोठ्या विंडोनं काढलेल्या क्षणचित्रांवरून प्रत्येक जोडी कोणत्या अवस्थेतली ते ठरवायचं, मधल्या संदिग्ध जोड्या बाजूला ठेवायच्या, आणि दोन गटांची कोरिलेशनं स्वतंत्रपणे बेरजेत घ्यायची. मोठ्या विंडोनं निवड, छोट्या विंडोनं मोजणी. प्रोग्राम लिहायला घेतला.

6 एप्रिल

उत्तर आलं. येणाऱ्या प्रवाहाचा तळावरचा ताण सुमारे 0.16 पास्कल. अर्ध्या मिलिमीटरची रेती हलायला साधारण 0.25 पास्कल लागतो, म्हणजे खांब नसता तर ही रेती जागची हलली नसती. खांबासमोर, सगळ्या जोड्या एकत्र धरल्या तर ताण येतो 0.2 च्या जवळपास. उंबरठ्याच्या खालीच. कुणी फक्त हा आकडा बघितला तर म्हणेल, खांबासमोर रेती सुरक्षित आहे.

उलटप्रवाहाच्या गटात तो 0.35 ते 0.4 आहे. उंबरठ्याच्या बराच वर. शून्यप्रवाहाच्या गटात 0.1 च्या आत.

पाण्याच्या चिकटपणाचा आकडा 26 अंशांचा घेतला आहे, पुस्तकातला 20 चा नाही. त्यानं तेरा-पंधरा टक्क्यांचा फरक पडतो, आणि आपल्याकडच्या एप्रिलमध्ये लॅबमधलं पाणी 20 वर कधीच नसतं. विंडो तळाच्या रेघेपासून किती वर आहे त्यातली अनिश्चितता यापेक्षा मोठी आहे. काचेच्या चमकीमुळे तळ एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे होतो आणि तिथे एक पिक्सेल म्हणजे ताणात लक्षात येईल एवढा बदल. म्हणून 0.35 ते 0.4 असं लिहिलं, एक आकडा नाही. पण दोन गटांमधलं अंतर या अनिश्चिततेहून कितीतरी मोठं आहे, त्याबद्दल मला शंका नाही.

सरांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. स्कावरची सुरुवात बहुतेक वेळा बरोबर समोर होत नाही. खांबाच्या दोन्ही कुशींत होते, जिथे प्रवाह वळताना वेग घेतो, आणि तिथून खळगा पुढे सरकत समोर येतो. आमचा पडदा मधल्या उभ्या प्रतलात आहे, कुशीतलं पाणी त्याच्या बाहेर, बाजूला जातं. तिथे पडदा आडवा, तळाला समांतर, एक-दीड मिलिमीटरवर लावावा लागेल. एवढा खाली 1 मिलिमीटरचा पडदा तळाला न शिवता नेणं अवघड आहे, पण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ करता येईल. वर्कशॉपच्या काकांकडे नवीन भिंगाचा धारक सांगितला.

18 एप्रिल

काचेचा तळ झाला, आता रेतीचा. प्रकाश खालून येऊ शकणार नाही, वरून आणावा लागेल. वरून आणला तर पृष्ठभागावरच्या लहरी पडदा हलवतात. त्यासाठी पाण्याला टेकेल अशी पारदर्शक ॲक्रिलिकची अरुंद पट्टी लावतात आणि तिच्यातून प्रकाश सोडतात. पण खांबासमोर पृष्ठभागावर एक छोटी उलटी लाट असते, पट्टीनं ती दबेल. तळाच्या भोवऱ्यावर त्याचा किती परिणाम होतो ते आधी काचेच्या तळावरच, पट्टी लावून आणि न लावता, ताडून बघणार. त्या फरकाचा आकडा हाती आल्याशिवाय रेतीवर जायचं नाही.

रेती वाळूवाल्याकडून आली आहे, बांधकामाची. मामा आणि मी दुपारभर चाळण्या लावत होतो. 0.6 ची वर, 0.425 ची खाली, मधली ठेवायची. मधली फारच थोडी निघते. धुऊन घ्यावी लागेल, नाहीतर बारीक माती सगळ्या पाण्यात पसरेल आणि आपले 31 ग्रॅम कण तिच्यात ओळखू येणार नाहीत. ऑरेंज रंगात चमकणारे, रोडामिनचे कण घेता आले तर रेतीवरची हिरवी चमक फिल्टरनं अडवता येईल. महाग आहेत. थोडे मागवून छोट्या टाकीत आधी बघू. लेसरच्या फ्लॅशलॅम्पचा शॉट काउंट लिहून ठेवला, थंड पाण्याचा फिल्टर बदलायची तारीख फळ्यावर लिहिली. सोमवारपासून पट्टीची चाचणी.